निगमसभेच्या पायथ्याशी

मी अंबडला राहतो, असे सांगितले की ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे जालन्याकडचे अंबड का हो?" ते अंबड तालुक्याचे ठिकाण; त्याच्या नावाला वजन आहे. आमचे अंबड नाशिकचे. एके काळी शहराच्या शिवेबाहेरचे शेतकऱ्यांचे गाव, आणि आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले. नाशिकला येणारा यात्रेकरू रामकुंडावर स्नान करतो, काळारामाला हात जोडतो, त्र्यंबकला जातो. अंबडकडे काही त्याची पावले वळत नाहीत. अंबडला माणूस येतो तो कारखान्यात चिकटायला, नाहीतर भाड्याची खोली शोधायला. माझे वडील असेच आले, आणि त्यांचे बोट धरून मी.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याचे एक स्नेही चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला होते. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला खाली ठेवीत त्यांनी विचारले, "काय प्राध्यापक, तुमच्या अंबडात पाहण्यासारखे काय आहे?"

मी म्हटले, "देऊळ आणि घाट पाहायचे तर पंचवटीत जाऊ. अंबडात पाहायचा तो कारभार."

"कारभार का कुठे पाहायला मिळतो? तो भोगायला मिळतो!" गुरुजी म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. या वयातही त्यांची जीभ आणि पाय दोन्ही चांगले चालतात.

आम्ही पायीच निघालो. गावठाणात अजून देऊळ आहे, पार आहे, बैल नसलेले गोठे आहेत. तेथून बाहेर पडले की सिडकोच्या घरांच्या रांगा लागतात, आणि त्यांच्या पलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरे. इकडच्या ठिकाणांची नावे ऐकून गुरुजींची मोठी करमणूक झाली. आपल्या जुन्या गावांतून ठिकाणांना नावे पडत ती झाडांची, नाहीतर देवांची. इकडे ती कारखान्यांची पडली आहेत. एक्सलो पॉइंट, गरवारे पॉइंट! रिक्षावाल्याला विचारा, तो डोळे मिटून नेऊन सोडील.

"हे गाव आहे तरी कोणाचे?" गुरुजींनी विचारले.

प्रश्न साधा होता. उत्तर साधे नव्हते. कारखान्यांची वसाहत वसवली ती १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे आपल्या एमआयडीसीने. कामगारांसाठी आणि मध्यमवर्गासाठी घरांच्या योजना आणल्या त्या १९७० साली निघालेल्या सिडकोने. आणि ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका आणि आसपासची खेडी एकत्र करून महानगरपालिका झाली, तिच्यात अंबडही आले. काल ज्या गावात ग्रामपंचायत होती, पाराखाली बसून चार माणसे 'विहिरीचा गाळ काढायचा का?' असे बोलत होती, तेथला माणूस एकाएकी महानगराचा नागरिक झाला. पार मागे पडला आणि सभागृह अनेक मैल दूर गेले. शिवाय महानगरपालिका झाली तरी निवडून आलेले सभागृह तिला मिळाले ते १९९२ साली. पहिली दहा वर्षे प्रशासकाचीच होती.

बोलत बोलत आम्ही नाल्यापाशी आलो. सकाळची पाळी सुरू व्हायची वेळ होती. हातात डब्याच्या पिशव्या घेतलेल्या पंधरा-वीस बाया उतारावरून खाली येत होत्या आणि नाल्यातल्या दगडांवर पाय देत पलीकडे जात होत्या. एकीने दुसरीचा हात धरला होता. गुरुजी उभे राहून पाहू लागले. मग त्यांनी डावीकडे बोट केले. तिकडे दोनशे पावलांवर चांगला रुंद, कठड्यांचा पूल आहे.

"पूल तिकडे असताना या बाया दगडांवरून का जातात हो?"

मी म्हटले, "सांगतो पुढे." आणि विषय बदलून त्यांना पाथर्डी फाट्याकडे घेऊन गेलो. त्यांना पांडवलेणी पाहायची होतीच. पण खरे सांगायचे तर मला त्या प्रश्नापासून दूर जायचे होते.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, सिन्नर तालुक्यातून येऊन सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. शिक्षण आठवीपर्यंत. परंतु वर्तमानपत्र ते शेवटच्या पानावरून वाचीत. खेळाच्या बातम्यांसाठी नव्हे. 'जाहीर सूचना' आणि 'हरकती व सूचना' यांच्या चौकटींसाठी. हातात पेन्सिल असे. आपल्या भागातले काही दिसले की चौकट आखीत, आणि रविवारी फूलस्केप कागदावर, फिटरच्या टोकदार अक्षरात, अर्ज लिहीत. अर्जाच्या दोन प्रती. एक कचेरीत द्यायची आणि दुसरीवर 'आवक'चा शिक्का मारून परत आणायची. त्या शिक्क्यावर त्यांचे फार प्रेम. "आपलं म्हणणं कागदावर नसेल," ते म्हणत, "तर आपण गावात नाही."

शहराचे पुढचे बेत कसे ठरतात, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा नानांकडून अधिक कळले. लोकांना वाटते, पुढारी मंडळी नकाशा पसरून बसतात आणि येथे बाग, तेथे रस्ता असे बोट ठेवतात. तसे नसते. रस्ता जमिनीवर होण्याच्या कितीतरी आधी तो कागदावर चालत असतो. कोणीतरी अर्ज करतो किंवा नगरसेवक पत्र देतो. अभियंता जागा पाहून जातो. मग प्राकलन होते, म्हणजे किती खडी, किती सिमेंट, किती पैसे. मग पाहायचे की अंदाजपत्रकात त्या कामाच्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे काय. नसेल तर पुढल्या वर्षाची वाट. तरतूद असेल तर मंजुरी, मग निविदा, मग स्थायी समिती. ही समिती सोळा जणांची. दर वर्षी तिच्यातले निम्मे सभासद निवृत्त होतात आणि नवे येतात. तिच्या हातात पैशाच्या किल्ल्या असतात. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात तेही आधी तिच्यापुढे. तेथे त्यात भर पडते, काटछाट होते आणि मग ते महासभेकडे जाते. एवढे सगळे पार पडल्यावर कार्यादेश निघतो, आणि आपण म्हणतो, 'अरे, रस्ता खणायला घेतला वाटते!'

या साऱ्या प्रवासातले सर्वांत मोठे ठाणे म्हणजे महासभेची विषयपत्रिका. ती आधी सभासदांना पोचावी लागते. पहिला विषय बहुधा ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मग क्रमाने एकेक. नानांची नजर मात्र शेवटाकडे असे, 'आयत्या वेळचे विषय' या ओळीकडे. ते म्हणत, "पंगत उठताना वाढलेल्या पदार्थाची चव कोणी घेत नाही. म्हणून तो पदार्थ आधी बघावा."

मी अकरावीत असताना त्यांनी मला एकदा सभागृहाच्या गॅलरीत नेले. माझी फार निराशा झाली. मला वाटले होते, टिळक-आगरकरांसारखी भाषणे ऐकायला मिळतील. खाली तर नुसता कलकलाट. कोणी तावातावाने उठतो, कोणी पाणीटंचाईवरून रिकामी घागर दाखवतो, महापौर घंटा वाजवतात, सभा दहा मिनिटे तहकूब होते. मी कंटाळून जांभया देत होतो. नाना मात्र पगाराच्या पाकिटाच्या पाठीवर काहीतरी टिपत होते. घरी येताना मी विचारले, "एवढ्या गोंधळात तुम्हाला काय सापडलं?" ते म्हणाले, "गोंधळ ऐकायचा नसतो रे. कोणी सुचवलं आणि कोणी अनुमोदन दिलं, तेवढं ऐकायचं. बाकी वारा."

पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना मी हे सगळे गुरुजींना सांगत होतो. पायथ्याशी महानगरपालिकेने उभारलेले दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. तेही एके काळी कोणत्या तरी विषयपत्रिकेवरचा एक क्रमांकच असणार. वर त्रिरश्मी डोंगराच्या कड्यात चोवीस लेणी. तेथून पाहिले म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग, अंबडची छपरे, सिडकोच्या रांगा, सारे एका नजरेत येते. गुरुजी दहाव्या लेण्याच्या ओवरीत शिरले आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे पाहून मुलासारखे हरखले.

हा लेख नहपान राजाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आपण फार तर एवढे ऐकलेले असते की राजाच्या जावयाने भिक्षूंना लेणे दान दिले. परंतु लेख नीट वाचला तर तो एखाद्या चोख कारकुनाने लिहिल्यासारखा आहे. लेणे दिले, पण पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांची सोय काय? त्यासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेवली कोठे? जवळच्या गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. आणि हे सगळे झाल्यावर शेवटी नोंद अशी की, ही सारी व्यवस्था निगमसभेत ऐकवली आणि रिवाजाप्रमाणे फलकावर लिहून ठेवली.

एम. ए. च्या वर्षात मी नानांना येथे आणून हा लेख समजावून दिला होता. व्याजाचा हिशेब त्यांनी ओवरीतच मांडला. दोन हजारांना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा दिले की बरोबर दोनशे चाळीस. एक कवडी इकडेतिकडे नाही. नाना खूश झाले. मग निगमसभेची ओळ सांगितली, तेव्हा थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे त्याचं इतिवृत्त कायम झालं म्हणायचं!"

ही आठवण ऐकून गुरुजी मनापासून हसले. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांनी या लेखावर भाष्यच केले हो. राजाचा जावई, त्याला कोण विचारणार होते? पण त्यालाही सभेत ऐकवावे लागले आणि लिहून ठेवावे लागले. बरे, आता त्या पुलाचे सांगा."

गुरुजी काही विसरले नव्हते.

नाना २०१६ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी त्या नाल्यावर पूल घालायचे ठरले. कोठे घालावा यावर लोकांनी आपले म्हणणे सांगावे म्हणून आमच्या भागात एक बैठक होती. तिची चिठ्ठी आमच्या दारातही आली होती. मी त्या संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासत बसलो. आई म्हणालीसुद्धा, "अरे, जाऊन ये. नाना असते तर गेले असते." मी म्हटले, "माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होणार?" हे वाक्य मी त्याआधी शंभरदा निबंधांत वाचून त्याखाली तांबडी रेघ मारलेली होती.

पूल चांगला झाला, भक्कम झाला. बांधणाऱ्यांनी नकाशा पाहून जेथे दोन रस्ते समोरासमोर येतात तेथे तो घातला. नकाशात पायवाट नव्हती. पहाटे कारखान्याच्या फाटकाकडे जाणाऱ्या बाया कोठून उतरतात, हे नकाशाला कसे कळणार? ते ठाऊक होते मला. मी रोज खिडकीतून पाहत होतो. पुलावरून जायचे तर त्यांना मोठा वळसा पडतो, आणि पाच मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून त्या दगडांवरूनच जातात. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सकाळी आमच्या गल्लीतली एक बाई दगडावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. तीन महिने ती घरी होती. त्या तीन महिन्यांत माझी आई तिच्या मुलांना डबा करून देत असे. मला ती एका शब्दाने बोलली नाही. आणि तेच मला अधिक लागले.

गुरुजी बराच वेळ खाली अंबडकडे पाहत होते. मग म्हणाले, "लेखात लिहिले आहे, निगमसभेत ऐकवले. ऐकवले म्हणजे ऐकायला कोणीतरी आले होते, नाही का? सभा रिकामी असती तर त्याने भिंतींना ऐकवले असते."

मला गेल्या काही वर्षांतली आमची रिकामी सभा आठवली. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकलेला. निवडणूक पुढे पुढे जात राहिली. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे गेले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मध्ये पावणेचार वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात कामे झाली नाहीत असे नव्हे; रस्ते झाले, दिवे लागले. कित्येक जण तर म्हणत, "बरे झाले, भांडणे नाहीत, कामे भराभर होतात." पण ज्या टेबलावर विषय मांडला जाई, त्याच टेबलावर तो मंजूर होई. कोणी सुचवले आणि कोणी अनुमोदन दिले, हे टिपायला नाना असते, तर पगाराच्या पाकिटाची पाठ कोरीच राहिली असती.

आणि नेमक्या याच काळात शहरापुढे मोठमोठे बेत आले. सिंहस्थ तोंडावर. ध्वजारोहणासाठी ३१ ऑक्टोबर २०२६ हा दिवस ठरला, पहिल्या अमृतस्नानासाठी २ ऑगस्ट २०२७. बारा वर्षांनी येणाऱ्या या पाहुण्यासाठी रस्ते, पूल, घाट, मलजलाची व्यवस्था यांची आखणी होऊ लागली. कुंभमेळ्यासाठी वेगळे प्राधिकरण झाले. सभागृह मात्र बंद. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये एक गोष्ट घडली. तपोवनात साधुग्रामासाठी झाडे काढण्यासंबंधी सूचना प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावर हरकतींचा पाऊस पडला. सुनावणीला माणसे लोटली, आरडाओरडा झाला, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. झाडांचा आणि साधुग्रामाचा वाद कोणी कसाही पाहो. मला त्यात एवढेच दिसले की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती चौकट कोणीतरी पेन्सिल घेऊन वाचली होती. शहरात नाना अजून आहेत.

डोंगर उतरताना मी गुरुजींना म्हटले, "एकूण काय, कारभाऱ्यांनी ऐकवले पाहिजे आणि आपण ऐकायला गेले पाहिजे. पहिले झाले नाही की आपण ओरडतो. दुसरे आपण केले नाही, हे कोणाला सांगत नाही."

"आज मला सांगितलेत की," गुरुजी म्हणाले. "आता कचेरीत सांगा."

गुरुजी पुण्याला गेले त्याच आठवड्यात मी नानांची पत्र्याची पेटी काढली. त्यात आवकचे शिक्के मारलेल्या अर्जांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. सगळेच अर्ज काही मान्य झालेले नाहीत. पण एकही अर्ज 'सारे वाईट आहे' असा नाही. प्रत्येकात जागा नेमकी, मागणी एक, आणि कारण दोन ओळींत. मी इतकी वर्षे मुलांना अर्जलेखन शिकवतो. असा नमुना मी एकदाही फळ्यावर लिहिला नव्हता.

त्या बेताने मीही अर्ज लिहिला. मागणी एकच: पायवाट जेथे नाल्याला मिळते तेथे पायी जाणाऱ्यांसाठी साकव. पहाटे साडेसहा ते सात या वेळात किती माणसे तेथून जातात, ते मी चार दिवस नाल्याकाठी उभे राहून मोजले आणि आकडा लिहिला. खाली त्या बायांच्या सह्या घेतल्या. मनगट मोडलेल्या बाईने डाव्या हाताने सही केली. मग सिटीलिंकच्या बसने जाऊन अर्ज दिला आणि शिक्का मारून आणला. आमच्या प्रभागाला चार नगरसेवक. त्यांतल्या दोघांची गाठ पडली. दोघांनीही आस्थेने ऐकून घेतले. एक म्हणाले, "सर, अंदाजपत्रकाच्या आधी आठवण करा." मी वहीत तारीख लिहून ठेवली.

घरी आल्यावर आईने शिक्का चष्म्याजवळ धरून पाहिला. म्हणाली, "केव्हा होणार साकव?"

"इतक्यात नाही, आई. विषय अजून पत्रिकेवर यायचा आहे."

"असू दे," ती म्हणाली, "पण सभा कोणत्या दिवशी आहे ते बघून ठेव. मलाही यायचंय."